दार उघडलं का?

८ जानेवारी, सोमवार

मला नंबर मिळाला!

म्हणजे वर्गात सगळ्यांनाच मिळाला, पण माझ्याइतकं खूश कुणी झालं नसेल. डेटाबेसचा पहिला तास. कोवाल्चुकबाई आल्या, कोटाची बटणंसुद्धा न काढता फळ्यावर एक रिकामा तक्ता आखला आणि विचारलं, "हेलेना रायमर कोण?" मी हात वर केला. म्हणाल्या, या विद्यापीठात हेलेना रायमर तिघी आहेत, मग मी गुण कुणाला देऊ? वर्ग हसला. मी नाही हसले. हा प्रश्न मी जन्मापासून ऐकतेय!

आणि मग उत्तर. प्रत्येक ओळीला एक नंबर. त्याला म्हणायचं 'प्रायमरी की'. दोन माणसांना एक नंबर नाही, एका माणसाला दोन नंबर नाहीत. नाव बदला, लग्न करा, गाव सोडा — नंबर तोच. इतकं सोपं, इतकं सुंदर! मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

गावात आम्ही चौघी हेलेना रायमर. एक बेकरीची, एक लाल केसांची, एक दाताच्या डॉक्टरांची. आणि मी — डबक्याची. का, तर आजोबांनी कधी काळी नवा कोरा ट्रॅक्टर डबक्यात घातला होता. ट्रॅक्टर त्याच दिवशी बाहेर निघाला. आम्ही अजून डबक्यातच.

१० जानेवारी, बुधवार

अकाउंटिंगच्या तासाला बसून वहीभर तक्ते काढले. फळ्यावर काय चाललं होतं कोण जाणे.

१४ जानेवारी, रविवार

घरी गेले होते. संध्याकाळच्या फास्पाला, म्हणजे आमच्या रविवारच्या हलक्या जेवणाला, नेहमीचंच — दोन मजली पाव, चीज, मुरंबा, कॉफी आणि सगळ्यांच्या चौकशा. बाबांनी जाहीर केलं की मे महिन्यापासून मी पीटरकाकांच्या फर्निचरच्या दुकानात हिशेबाला बसणार. काकांनी माझ्यासाठी खुर्चीसुद्धा बाजूला काढून ठेवलीय, चाकांची. दुकानात शेकड्यानं खुर्च्या असताना एक काढून ठेवली याचं एवढं कौतुक!

मी म्हटलं, बाबा, मला डेटाबेस फार आवडतोय, पुढेही तेच शिकावंसं वाटतंय. ते म्हणाले, "म्हणजे याद्या करायच्या?" मी म्हटलं, याद्या नाहीत. "मग काय?" — आणि मला सांगता येईना! चांगली दहा वाक्यं डोक्यात होती, एक बाहेर आलं नाही. बाबांनी सूर्यफुलाच्या बिया तोंडात टाकल्या आणि विषय संपला.

२२ जानेवारी, सोमवार

आज कळलं. पुढच्या वर्षी कोवाल्चुकबाईंचा मोठा कोर्स आहे, डेटाबेस चालवण्याचा, सांभाळण्याचा. जागा मोजक्याच. अर्ज-बिर्ज काही नाही. या टर्मचं प्रोजेक्ट बघून त्या निवडणार. अट एकच — प्रोजेक्ट खऱ्या माणसांनी खऱ्या कामाला वापरलं पाहिजे आणि टर्म संपेपर्यंत चालू राहिलं पाहिजे. "कागदावर सगळेच डेटाबेस पोहतात," म्हणाल्या.

ती जागा मिळाली तर बाबांना दाखवायला काहीतरी हातात असेल. नाही मिळाली तर चाकांची खुर्ची. इतका सरळ हिशेब आहे.

जोडीदार म्हणून जोमार मिळाला. इथल्या विनिपेग शहरातलाच, आईबाप फिलिपिन्सचे, तोंड अखंड चालू. माझं नाव ऐकल्यावर म्हणाला, "तुम्हा मेनोनाइट ख्रिश्चनांच्यात आडनावं सात आणि माणसं सात हजार. तुला डेटाबेसचं वेड लागणारच." दुष्ट आहे, पण हुशार आहे.

२७ जानेवारी, शनिवार

खरी माणसं सापडली! आमच्याच गावात. चर्चच्या तळघरातून टीनामावशी पेनर म्हाताऱ्या माणसांना डबे पाठवतात — मंगळवारी आणि शुक्रवारी. (मावशी साऱ्या गावाची. माझी सख्खी नव्हे.) जोमारला घेऊन गेले. त्यानं आल्या आल्या सॉसेज मागून खाल्लं आणि मावशींच्या मर्जीत बसला.

मावशींचं सगळं एका जुन्या कॉम्प्युटरवर, एकाच तक्त्यात. आणि तो तक्ता म्हणजे — अरे देवा! एकाच रकान्यात "मधमाशी, साखर चालते, मागच्या बाजूचं दार". दुसऱ्यात "शिट्टी, मीठ नको, बहिणीशी बोलत नाही". पत्त्याला नुसतं इमारतीचं नाव. खोली नंबर का नाही विचारलं तर म्हणाल्या, "कशाला? कोण कुठे राहतं ते काय माहीत नाही होय?" माझे हात शिवशिवायला लागले. एवढा पसारा आणि तो माझ्या हातात!

मावशींनी एकच बजावलं. "डबा हे निमित्त आहे पोरी. दार ठोकायचं, माणूस बघायचा, मग डबा द्यायचा." मी मान डोलावली. मनात तक्ते मांडत होते.

१ फेब्रुवारी, गुरुवार

दिवसभर तोडातोड! एका रकान्यात एकच गोष्ट. माणसं वेगळ्या तक्त्यात, इमारती वेगळ्या, पथ्यं वेगळी, ड्रायव्हर वेगळे, आणि सगळं नंबरांनी एकमेकांना बांधलेलं. एक बदल एका जागी केला की सगळीकडे आपोआप बरोबर. मला भूक लागलेली कळलं नाही.

जोमारशी एकच भांडण झालं. तो म्हणे, मधमाशी, शिट्टी वगैरे टोपणनावांचा एक रकाना ठेवूया. मी म्हटलं, ती माहिती नाही, चेष्टा आहे. माणसाला नंबर दिल्यावर त्याला मधमाशी म्हणायची गरज काय? तो म्हणाला, "तुला कशानं झोंबलं एवढं?" मी सरळ रकाना काढून टाकला. फार बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

मावशींच्या तक्त्यातली सगळी माणसं नव्या घरात आणली. एकच माणूस दोनदा लिहिलेला असला तर शोधून काढायचा म्हणून मी चार ओळींचा प्रोग्राम लिहिला — तेच नाव, तोच पत्ता, की दुसरी ओळ काढून टाक. पहिल्याच झटक्यात चालला! जोमारनं मला चिप्सचा पुडा बक्षीस दिला, अर्धा खाऊन झालेला.

२० फेब्रुवारी, मंगळवार

सुरू झालं!!

उणे एकतीस, गाडी रात्रभर विजेच्या हीटरला लावलेली असूनही कुरकुरत होती, पण मी पहाटे गावात हजर. ड्रायव्हरांच्या फोनवर एकापाठोपाठ एक घरं, कुणाला काय पथ्य, सगळं. प्लेटकाकू पन्नास वर्षं या गावात गाडी चालवतायत, त्यासुद्धा फोनकडे बघून "हं" म्हणाल्या. त्यांच्या "हं"ला फार किंमत आहे.

मावशींनी डबे भरताना म्हटलं, "एक कमी दिसतोय. कोण गेलं की काय?" मी ऐटीत सांगितलं, कुणी गेलं नाही मावशी, एक नाव दोनदा लिहिलं होतं तुम्ही. त्या म्हणाल्या, "असेल बाई. मशीनला जास्त कळतं." परतताना मी गाडीत एकटीच मोठ्यांदा गात होते.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

हात दाखवून अवलक्षण.

मावशींचा फोन आला. एकट्या म्हाताऱ्यांसाठीच्या फ्लॅटांच्या इमारतीत शिट्टी फ्रीझेननी डबा घेताना प्लेटकाकूंना विचारलं, माझ्या शेजाऱ्याचा डबा का बंद केलात? तो ताट मांडून बसतो आणि तुम्ही येत नाही.

शेजारी म्हणजे मधमाशी फ्रीझेन. दोघांचंही नाव अब्राहम फ्रीझेन. इमारत एक. खोली नंबर कुणी लिहिलेला नव्हता. पथ्यं वेगळ्या तक्त्यात गेल्यावर दोघांत फरक सांगणारा एकच रकाना उरला होता, आणि तो मी काढला होता! मग दोन ओळी हुबेहूब सारख्या दिसल्या आणि माझ्या चार ओळींच्या प्रोग्रामनं त्यातला एक माणूस पुसला.

प्लेटकाकू म्हणाल्या, फोनवर नाव नव्हतं, वाटलं त्यांनीच बंद केलं असेल. मावशींना वाटलं, मशीनला जास्त कळतं. गेला सबंध आठवडा त्या दारावर कुणी ठोकलं नाही. आणि चार हेलेनांतली एक हेलेना असून हे मला कळू नये! अति शहाणा, त्याचा बैल रिकामा.

२८ फेब्रुवारी, बुधवार

तास बुडवून गावात गेले. डबा माझ्या हातानं नेला. मावशी येते म्हणाल्या, मी नको म्हटलं.

दार उघडलं. शर्टाची सगळी बटणं लावलेले, ताठ म्हातारे. मागे टेबलावर ताटली, काटा-सुरी, घडी घातलेला नॅपकिन. आज बुधवार, डब्याचा वारही नव्हे, तरी मांडलेलं.

मी म्हटलं, मी हेलेना रायमर.

"कुठली?"

तोच प्रश्न. आणि मी — माझ्या तोंडानं, पहिल्यांदाच — म्हटलं, "डबक्याची."

"हां! याकोब तुझा बाप. ये, आत ये. तो ट्रॅक्टर ओढायला मी होतो. तुझा आजोबा इतक्या शिव्या देत होता की पाद्र्यांनी बायकांना घरी पाठवलं."

मला हसावं की रडावं कळेना. डबा टेबलावर ठेवला. त्यांनी त्याला हात लावला नाही. म्हणाले, "मला वाटलं, पुन्हा काढलं."

पुन्हा? मग त्यांनी सांगितलं. बाविशीत असताना एका लग्नात व्हायोलिन वाजवलं, लोक नाचले, म्हणून चर्चनं त्यांना काढलं. काढलेल्याबरोबर जेवायला बसायचं नाही असा तेव्हा नियम. घरात आईनं त्यांचं टेबल वेगळं मांडलं, खिडकीपाशी. भाऊ पाठ करून जेवायचे. दोन वर्षं. मग परत घेतलं, पण ते म्हणतात, त्यानंतर चमच्यांचा आवाज ऐकला की अजून मान वर करून बघतो, कुणी पाठ तर केली नाही ना.

मी विचारलं, तुम्ही मावशींना फोन का नाही केला?

"काढलेल्या माणसानं विचारायचं नसतं, पोरी. पण तेव्हा निदान उभं करून तोंडावर सांगितलं होतं."

मी सांगितलं, तुम्हाला कुणीही काढलेलं नाही. मी काढलं. माझी चूक. तुमचं टोपणनाव मला नको होतं, म्हणून. त्यांनी मग डबा उघडला, दुसरी ताटली आणली आणि म्हणाले, "बस. एकट्याला जात नाही." सुक्या फळांचं गार सूप आम्ही अर्धं अर्धं खाल्लं. ते समोर बसले होते, माझ्याकडे तोंड करून.

२९ फेब्रुवारी, गुरुवार

चार वर्षांतून एकदा मिळणारा दिवस, आणि तो पुरला नाही!

सकाळी कोवाल्चुकबाईंना सगळं सांगितलं. वाटलं, जागा गेली. रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाल्या, "पुसणं सोपं ठेवलंस, म्हणून पुसलं गेलं. आता अवघड कर." आणि अजून एक घोटाळा झाला तर प्रोजेक्ट बंद. ठीक आहे. न्यायाचं आहे.

मग मी आणि जोमार जे बसलो ते बसलोच. डोकं नुसतं धावत होतं! एक — या डेटाबेसमधून माणूस पुसताच येणार नाही. गेला, दुसरीकडे राहायला गेला, डबा नको म्हणाला, तर कधी, का आणि कुणी सांगितलं ते लिहायचं. ओळ राहणार. दोन — टोपणनावाचा रकाना परत, खोली नंबरसुद्धा. (जोमारनं "मी म्हटलं नव्हतं का" असं म्हटलं नाही. नुसता पुडा पुढे केला. या वेळी भरलेला.)

आणि तीन. हे मला एकदम सुचलं, जिन्यावर. मावशींचं वाक्य — दार ठोकायचं, माणूस बघायचा. ते आम्ही कुठे लिहिलंच नव्हतं! डबा पोचला का हे विचारत होतो. माणूस दिसला का हे विचारत नव्हतो. म्हणून नवा रकाना: "दार उघडलं का?" हो किंवा नाही. रिकामा सोडता येणार नाही. तो भरल्याशिवाय फोन पुढचं घर दाखवणारच नाही. "नाही" म्हटलं तर थेट मावशींना फोन, आणि पुढचं घर तरीही नाही. मावशी सांगतील तेव्हाच.

जोमार म्हणाला, ड्रायव्हर शिव्या घालतील. मी म्हटलं, आमच्या घराण्याला सवय आहे.

१० मार्च, रविवार

फास्पाला धमाल. प्लेटकाकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन, त्यामुळे मंगळवारची फेरी कुणी करायची? टीनामावशींनी बाबांना चर्चच्या दारातच गाठलं. मावशींना नाही म्हणणारा माणूस गावात अजून जन्मायचाय. बाबा घरी आले ते चेहरा पाडून. "तुझ्या यादीचा हमाल झालो मी," म्हणाले.

मावशींनी बाबांची ओळ स्वतः भरली. टोपणनावाच्या रकान्यात: डबक्या. मी बघितलं आणि हसत सुटले. झोंबलं नाही. खरंच नाही!

१२ मार्च, मंगळवार

तासात होते, फोन वाजला. बाबा.

"मी बर्फात उभा आहे आणि हा फोन पुढचं घर दाखवत नाही."

मी विचारलं, दार उघडलं का?

"ती बहिरी आहे, तिला यायला वेळ लागतो. डबा दाराच्या मुठीला अडकवतो आणि जातो."

मी म्हटलं, मग थांबा.

"मी डबे पोचवतोय की जनगणना करतोय?"

शेवटी म्हातारी आली असावी, कारण पलीकडून बाईमाणसाचा आवाज ऐकू आला आणि बाबांनी फोन ठेवला. मागच्या बाकावर जोमार तोंडात मफलर कोंबून हसत होता.

२६ मार्च, मंगळवार

बाबांची तक्रार चालूच. रकान्याची, माझी, सरकारची. पण फेरीला जातात. आई सांगते, मधमाशी फ्रीझेनांकडे हल्ली जरा जास्तच वेळ लागतो त्यांना. दोघं आजोबांच्या शिव्या आठवत बसतात.

४ एप्रिल, गुरुवार

सादरीकरण झालं! बोलायला लागले आणि थांबेचना. एका मुलानं विचारलं, टोपणनाव हा रकाना जरा पोरकट नाही वाटत? मी म्हटलं, मलाही वाटला होता, आणि मी एका माणसाला आठवडाभर उपाशी नाही, पण एकटं ठेवलं. मी डबक्याची आहे हेही सांगून टाकलं, ट्रॅक्टरसकट. कोवाल्चुकबाई चष्मा पुसत होत्या. त्या हसत होत्या की काय होत्या, कळलं नाही.

८ एप्रिल, सोमवार

मिळाली!!! जागा मिळाली! मलाही, जोमारलाही. यादीत नावाऐवजी नंबर होते आणि मी माझा नंबर तीनदा वाचला.

घरी फोन केला. आई किंचाळली. बाबा म्हणाले, "हं. मग पीटरला काय सांगू? खुर्ची ठेवलीय त्यानं." मी म्हटलं, बाबा, मला हेच करायचंय. ते म्हणाले, "याद्या," आणि फोन आईकडे दिला. प्लेटकाकूंच्या "हं"ला किंमत असते. बाबांच्या "हं"नं माझा दिवस अर्धा करून टाकला.

९ एप्रिल, मंगळवार

बाबांचा फोन, हॉस्पिटलमधून.

मधमाशी फ्रीझेननी आज दार उघडलं नाही. बाबा घाईत होते, डबा मुठीला अडकवून गाडीपर्यंत पोचलेही होते. पण फोन पुढचं घर दाखवेना. परत गेले, ठोकलं, "नाही" दाबलं. मग मावशी, मग किल्ली. फ्रीझेन स्वयंपाकघरात पडले होते, सकाळपासून. खुबा मोडलाय. शुद्धीवर आहेत, वाचतील म्हणतात. बाबांना बघून म्हणाले, डबक्या, उशीर केलास.

बाबांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. मग म्हणाले, "पीटरला सांगितलं मी. खुर्ची विकून टाक म्हटलं."